हस्ताक्षरसदृश देवनागरी टंक : स्वरूप, उपयोजन आणि मर्यादा
(नांदेड व लातूर परिसरातील छपाईच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

लग्नसराई सुरू झाली की नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील घराघरांत निमंत्रणपत्रिकांचा ओघ सुरू होतो. या पत्रिकांचे मुखपृष्ठ, रंग आणि कागद दरवर्षी बदलतात. परंतु संगणकावर अक्षरजुळणी होऊ लागल्यापासून एक गोष्ट त्यांत स्थिरावलेली दिसते. वधू-वरांची नावे आणि निमंत्रणाचा मजकूर हाताने लिहिल्यासारख्या, बारीक रेषेच्या, किंचित तिरप्या व लपेटीदार अक्षरांत छापण्याची ती रीत होय. डीटीपी व्यवसायात या अक्षरांना 'हँडरायटिंग फाँट' किंवा नुसतेच 'नाजूक फाँट' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यांचा उल्लेख 'हस्ताक्षरसदृश टंक' असा केला आहे. टंक म्हणजे एका वळणात घडविलेला संपूर्ण अक्षरसंच.

मराठीत छापील अक्षराकडे समीक्षेच्या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही. ग्रंथाच्या आशयाची चिकित्सा होते, क्वचित मुखपृष्ठाचीही होते. मात्र तो आशय ज्या अक्षरांतून वाचकापर्यंत येतो त्या अक्षरांचे वळण हा केवळ मुद्रकाचा प्रश्न मानला जातो. वस्तुतः अक्षराचे वळण हेही एक विधान असते. हस्ताक्षरसदृश टंक वाचकाला सांगतो की, 'हे कोणीतरी स्वतः लिहिले आहे.' हे विधान कोठे खरे ठरते, कोठे पोकळ ठरते आणि कोठे वाचकाचे नुकसान करते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हस्ताक्षराचा प्रादेशिक वारसा

मराठवाड्याच्या संदर्भात हा प्रश्न अधिक अर्थपूर्ण ठरतो, कारण हा प्रदेश लेखनाच्या अनेक परंपरांचा संगम आहे. लातूरजवळच्या अंबाजोगाईत दासोपंतांची (१५५१-१६१५) पासोडी जतन केलेली आहे. कापडावर लिहिलेले हे पंचीकरण म्हणजे हाताच्या अक्षराने ग्रंथ, चित्र आणि साधना एकत्र आणल्याचे दुर्मीळ उदाहरण होय. नांदेड जिल्ह्यातील माहूर हे महानुभावांचे महत्त्वाचे स्थान. त्या पंथाने सकळ, सुंदरी यांसारख्या लिप्यांतून आपले ग्रंथ हस्तलिखितांतच राखले.

व्यवहाराच्या पातळीवर मोडी ही मराठीची खरी धावती लिपी होती. मोडीत प्रथम कागदावर आडवी शिरोरेषा ओढली जात असे आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरे तिला टांगली जात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे, शब्दांत अंतर सोडले जात नसे. वेग हे तिचे प्रयोजन होते आणि त्या प्रयोजनातूनच तिचे गोलाईदार सौंदर्य निर्माण झाले. बोरूची जाडी, कारकुनाची सवय आणि दफ्तराची घाई या तिन्हींचा ठसा तिच्या वळणावर उमटलेला दिसतो.

याच प्रदेशावर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाची सत्ता होती आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे नांदेड-लातूरच्या जुन्या दफ्तरांत मोडीबरोबर उर्दूची नस्तालिक ही उतरत्या चालीची, अत्यंत डौलदार लेखनशैलीही आढळते. नस्तालिकचे वळण खिळ्यांच्या छपाईला दाद देईना, म्हणून उर्दू वृत्तपत्रे व पुस्तके दीर्घकाळ कातिबाच्या हाताने लिहून शिळाछापावर निघत राहिली. पुढे अहमद मिर्झा जमील यांनी सुमारे वीस हजार अक्षरजोड तयार करून मोनोटाइप कंपनीच्या साहाय्याने 'नूरी नस्तालिक' सिद्ध केला आणि १९८१ मध्ये तो वापरात आला. हस्ताक्षराचे वळण यंत्रात उतरवायचे तर केवढे परिश्रम लागतात, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

मराठीने मात्र वेगळी वाट धरली. श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांच्या मराठी कोशासाठी १८१० मध्ये मोडीचे खिळे वापरले गेले होते. तथापि पुढे मराठी मुद्रणाने बाळबोध म्हणजे देवनागरी लिपी स्वीकारली. गणपत कृष्णाजी यांचा छापखाना आणि जावजी दादाजी यांचे निर्णयसागर यांनी त्या लिपीला सुबक छापील रूप दिले. परिणामी मराठी माणूस हाताने एक लिपी लिहू लागला आणि छापील पुस्तकात दुसरी वाचू लागला. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शालेय शिक्षणातून गेली आणि मराठीची धावती लिपीच व्यवहारातून नाहीशी झाली. आजचा हस्ताक्षरसदृश देवनागरी टंक उभा आहे तो या रिकाम्या जागेवर. त्याचे आकर्षण समजून घेताना हा ऐतिहासिक अभाव ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

टंकाचे तांत्रिक स्वरूप

हस्ताक्षराचा पहिला गुण म्हणजे पुनरावृत्तीचा अभाव. एकाच माणसाने एकाच ओळीत लिहिलेले तीन 'क' परस्परांशी तंतोतंत जुळत नाहीत. टंकाचा पहिला गुण याच्या नेमका उलट आहे. त्यातील प्रत्येक 'क' हा तोच 'क' असतो. रोमन लिपीत हा विरोध मिटविण्याचे प्रयत्न झाले. रॉजर एक्सकोफाँ या फ्रेंच रेखनकाराने १९५३ मध्ये 'मिस्ट्राल' हा टंक स्वतःच्या हस्ताक्षरावरून घडविला आणि अक्षरांच्या शेपट्या एकमेकींना जोडल्या. हरमान झाफ यांच्या १९९८ च्या 'झाफिनो'त एकाच अक्षराची अनेक रूपे देऊन पुनरावृत्ती लपविण्यात आली.

देवनागरीत ही समस्या निराळ्या स्वरूपात येते. येथे अक्षरे जोडण्याचे काम शिरोरेषा करते. टंकात प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येते व ते तुकडे शेजारी शेजारी बसून एक रेषा भासते. प्रत्यक्ष मराठी हस्ताक्षरात असे घडत नाही. कोणी शब्द पूर्ण झाल्यावर एका झटक्यात रेघ ओढतो, कोणी ती अर्धवट सोडतो, घाईत लिहिणारा तर ती गाळूनच टाकतो. म्हणजे देवनागरीत हाताचे खरे अस्तित्व शिरोरेषेत प्रकट होते आणि नेमके तेथेच हस्ताक्षरसदृश टंक सर्वांत अधिक यांत्रिक असतो. तिरपी अक्षरे आणि लपेटी यांच्याकडे लक्ष वेधून हा यांत्रिकपणा झाकला जातो.

दुसरी अडचण जोडाक्षरांची व स्वरचिन्हांची आहे. मराठवाड्यातील छपाईकेंद्रांत दीर्घकाळ वापरात असलेले टंक मॉड्युलर इन्फोटेकच्या 'श्री-लिपी' किंवा सी-डॅकच्या 'आयएसएम' यांसारख्या प्रणालींतील आहेत. युनिकोडपूर्व पद्धतीच्या टंकात फार तर २५६ जागा उपलब्ध असत. तेवढ्या जागेत अर्धी अक्षरे, वेलांट्या, उकार, रफार बसवायचे तर प्रत्येक अक्षरासाठी त्यांचे स्थान स्वतंत्रपणे ठरविता येत नाही. सरळ उभ्या टंकात हा दोष खपून जातो. तिरप्या, नाजूक टंकात मात्र वेलांटी पुढच्या अक्षरावर कलते, अनुस्वार कोणाचा हे कळत नाही आणि उकार अक्षरापासून सुटून खाली लोंबतो.

युनिकोड व ओपनटाइप यांमुळे ही मर्यादा दूर झाली. इंडियन टाइप फाउंड्रीचा 'कलम' हा टंक २०१४ मध्ये खुल्या परवान्याखाली उपलब्ध झाला. त्याची देवनागरी अक्षरे लिपी रावल यांची, तर रोमन अक्षरे जॉनी पिनहॉर्न यांची आहेत. प्रत्येक भारात १,०२५ अक्षरचिन्हे असल्यामुळे जोडाक्षरे तुटत नाहीत. बॉलपेनने किंवा स्केचपेनने लिहिल्याप्रमाणे रेषांची टोके दिसतात. अक्षरांच्या गाठी भरीव आहेत, कारण पेनने घाईत लिहिताना गाठीतील पोकळी बुजतेच. हे निरीक्षण प्रत्यक्ष हाताच्या लेखनातून आलेले आहे आणि म्हणूनच 'कलम' प्रामाणिक वाटतो. राजेशाही लपेटीचा आव न आणता तो रोजच्या वहीतील अक्षराशी नाते सांगतो. तथापि नाजूकपणाची हौस असलेल्या ग्राहकाला तो 'साधा' वाटण्याचा संभव आहे. एकसारख्या अक्षरांची पुनरावृत्ती ही मूळ मर्यादाही त्याला चुकलेली नाही.

मराठीच्या गरजा

हस्ताक्षरसदृश टंकाची निवड करताना मराठीच्या काही खास गरजा दुर्लक्षिल्या जातात. 'वऱ्हाडी मंडळी' हा लग्नपत्रिकेतील नित्याचा शब्द आहे. त्यातील 'ऱ्ह' टंकात नसेल तर तेथे रफार येऊन बसतो किंवा पाय मोडलेला 'र' दिसतो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतील भेद या एका चिन्हावर अवलंबून आहे. लग्नघरात दोघांचीही उपस्थिती असल्याने हा भेद केवळ व्याकरणाचा राहत नाही.

'ल' आणि 'श' यांचे प्रश्नही असेच आहेत. मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' व देठयुक्त 'श' वापरावा, अशी भूमिका महाराष्ट्र शासनाने २०२२ च्या निर्णयात घेतली आहे. अनेक देवनागरी टंकांचे मूळ रूप हिंदी वळणाचे असते आणि मराठी रूप टंकात असलेच तरी भाषा म्हणून मराठी निवडल्याशिवाय ते उमटत नाही. हाताने लिहिल्याचा भास निर्माण करणाऱ्या टंकाबाबत हा दोष अधिक खटकतो, कारण मराठी शाळेत कित्ता गिरविलेल्या हाताला जे वळण पडते, त्याच वळणाचा येथे अभाव असतो. हात मराठी, पण अक्षर परके, अशी ही विसंगती आहे.

बारीक रेषेमुळे आणखी एक धोका उद्भवतो. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांतील फरक शिरोरेषेच्या लहानशा खंडावर किंवा एखाद्या गाठीवर टिकून असतो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये गडद कागदावर सोनेरी शाईने छापताना केसासारखी रेषा तुटते किंवा शाई पसरून पोकळी बुजते. मग 'मोरे' यांचे 'भोरे' आणि 'धुमाळ' यांचे 'घुमाळ' होण्यास वेळ लागत नाही. 'चि. सौ. कां.' यातील अनुस्वार आणि पूर्णविराम पुसट होतात. मुहूर्ताच्या तारखेतील १ आणि ९ यांत गोंधळ होतो. पत्रिकेत नाव हा सन्मानाचा विषय असतो. नावांच्या क्रमावरून, उल्लेखावरून नातेवाईक रुसतात हे सर्वश्रुत आहे. ज्या मजकुरात चूक सर्वांत अधिक बोचते, त्याच मजकुरासाठी सर्वांत कमी वाचनीय टंक निवडला जातो, ही येथील मुख्य विसंगती होय.

उपयोजनाची चिकित्सा

निमंत्रणपत्रिकेतील प्रत्येक मजकुराचे कार्य वेगळे आहे. मंगलश्लोक व देवतास्मरण, वधू-वरांचा परिचय, तिथी-स्थळ, निमंत्रक आणि 'मामाच्या लग्नाला यायचं हं' अशा अर्थाची लहान मुलांच्या नावाने छापलेली ओळ, असे तिचे घटक असतात. यांपैकी शेवटच्या ओळीत बोलणारी व्यक्ती स्पष्ट आहे. येथे हस्ताक्षरसदृश टंक शोभतो, कारण मूल जणू स्वतः पत्रिकेच्या कडेला काही लिहून गेले आहे. परंतु व्यवहारात ही ओळही तज्ज्ञ सुलेखनकाराच्या लपेटीत छापली जाते. पाच वर्षांच्या मुलाचे अक्षर असे नसते. योग्य जागी आलेला टंकही येथे चुकीचा आवाज काढतो. याउलट स्थळ, तिथी व वेळ यांना वक्ता नसतो. ती माहिती आहे आणि तिला स्पष्ट, उभा टंकच हवा.

दशक्रियाविधीच्या पत्रिकेशी तुलना केली असता आणखी एक बाब लक्षात येते. शोकाच्या पत्रिकेत लपेटीदार टंकाचा मोह सहसा टाळला जातो. काळ्या चौकटीत साधी, ठसठशीत अक्षरे येतात. म्हणजे अक्षराच्या वळणालाही औचित्य असते, याची जाण समाजाला आहे. ती जाण केवळ आनंदाच्या प्रसंगी सजावटीच्या हौसेपुढे मागे पडते.

पत्रिकेबाहेरचे उपयोजन अधिक चिंत्य आहे. नांदेडचे वजिराबाद असो किंवा लातूरची गंजगोलाई, रस्त्यावरचा फलक चालत्या किंवा वाहनावरील माणसाने दुरून वाचावयाचा असतो. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवर बारीक तिरपी अक्षरे छापली की छायाचित्रे तेवढी दिसतात, मजकूर हरवतो. कमल शेडगे (निधन २०२०) यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षररचना येथे आठवावी. तीही हातानेच काढलेली होती. परंतु प्रत्येक नाटकाच्या प्रकृतीनुसार तिचे वळण बदलत असे आणि वृत्तपत्राच्या लहानशा चौकटीतही ती ठळकपणे वाचता येत असे. हाताचे अक्षर म्हणजे नाजूक अक्षर, हे समीकरण तिने खोटे ठरविले आहे.

लातूर हे स्पर्धापरीक्षांच्या व प्रवेशपरीक्षांच्या तयारीचे केंद्र आहे. खासगी शिकवणीवर्गांच्या पत्रकांत गुणवंतांची मनोगते हस्ताक्षरसदृश टंकात छापण्याची रीत आढळते. मनोगत विद्यार्थ्याने स्वतः लिहिले आहे, असा विश्वास त्यातून निर्माण करावयाचा असतो. परंतु चार विद्यार्थ्यांची मनोगते एकाच हस्ताक्षरात पाहिली की वाचकाच्या मनात उलट शंका उत्पन्न होते. येथे टंक सजावट राहत नाही; तो साक्षीचा आभास निर्माण करतो. सौंदर्याचा प्रश्न या ठिकाणी नैतिक प्रश्न बनतो.

साक्ष आणि आभास

हस्ताक्षराला साक्षीचे मूल्य असते, याचा अनुभव मराठवाड्याने अलीकडेच घेतला आहे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली २०२३ मध्ये समिती नेमली गेली. तिच्या कामाच्या निमित्ताने निजामकालीन जुनी दफ्तरे उघडली गेली आणि मोडी व उर्दू वाचू शकणाऱ्या जाणकारांची मोठी निकड भासली. कोण्या अनाम कारकुनाने घाईत लिहिलेला एक शब्द आज एखाद्या कुटुंबासाठी निर्णायक ठरू शकतो. ते अक्षर सुंदर आहे की नाही, हा प्रश्नच तेथे उपस्थित होत नाही. ते विशिष्ट काळी, विशिष्ट हाताने लिहिले गेले, हेच त्याचे मूल्य आहे. हस्ताक्षरसदृश टंकाला हे मूल्य कधीही प्राप्त होऊ शकत नाही.

लग्नपत्रिकेतही हे मूल्य एका ठिकाणी टिकून आहे. पत्रिका छापून आल्यावर घरातील वळणदार अक्षराची व्यक्ती पाकिटे घेऊन बसते आणि साध्या बॉलपेनने प्रत्येकाचे नाव लिहून पुढे 'सहकुटुंब, सहपरिवार' असे जोडते. पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदी-कुंकू लावले जाते. आतील हजार प्रतींत एकसारखा छापलेला नाजूक मजकूर आणि पाकिटावरचे ते कदाचित ओबडधोबड नाव यांपैकी खरे निमंत्रण पाकिटावर असते. अमुक घराने आपली आठवण ठेवली, हे पाहुण्याला त्या नावावरून कळते. पत्रिका मोबाइलवर चित्ररूपाने पाठविली जाऊ लागल्यापासून हे पाकीट गळून पडू लागले आहे. त्यामुळे नाजूक टंकावरचा भार वाढला असून पूर्वी हाताने केलेले काम त्याच्याकडून अपेक्षिले जात आहे, आणि ते त्याच्याकडून होण्यासारखे नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल की, प्रत्येक सजावट हा काही अंशी आभासच असतो आणि वाचकाला हे छापील अक्षर आहे, हे ठाऊक असते. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. छापील फुले पाहून कोणी त्यांचा वास घेत नाही. शिवाय ज्या कुटुंबाला सुलेखनकाराकडून पत्रिका लिहून घेणे परवडत नाही, त्याला अल्प खर्चात डौलदार अक्षर मिळवून देण्याचे कार्य या टंकांनी केले आहे, हेही नाकारता येत नाही. प्रश्न सजावटीच्या अस्तित्वाचा नाही. ती वाचनाच्या आड येते किंवा कोणाच्या नावाने खोटी साक्ष देते तेव्हाच तिच्यावर आक्षेप येतो.

मराठी सुलेखनातील समर्थ परंपरा या संदर्भात मार्गदर्शक ठरते. र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांनी संगणकीय देवनागरीच्या पायाभरणीत 'मंगल'सारखा टंक दिला आणि त्याचबरोबर हाताच्या अक्षराचा स्वतंत्र कलाविष्कार म्हणून पाठपुरावा केला. टंकाने टंकाचे काम करावे आणि हाताने हाताचे, हा विवेक त्यांच्या कार्यातून दिसतो. अच्युत पालव यांनी मोडीच्या अभ्यासातून मुक्त सुलेखनाची शैली विकसित केली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मोडीच्या लयीशी नाते जोडता येते, हे त्यांनी दाखवून दिले. युनिकोडमध्येही २०१४ पासून मोडीला स्थान मिळाले आहे. मराठीच्या स्वतःच्या धावत्या लिपीचा अभ्यास करून देवनागरी हस्ताक्षरसदृश टंक घडविण्यास आता तांत्रिक अडसर उरलेला नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. हस्ताक्षरसदृश देवनागरी टंकाच्या लोकप्रियतेमागे मराठीच्या धावत्या लिपीचा लोप आणि त्यातून निर्माण झालेली आत्मीय अक्षराची भूक आहे.

२. शिरोरेषा, स्वरचिन्हांचे स्थान आणि अक्षरांची पुनरावृत्ती या तीन ठिकाणी या टंकाचे यांत्रिक रूप उघडे पडते. युनिकोड टंकांनी दुसरा दोष मोठ्या प्रमाणात दूर केला असला तरी उर्वरित दोन कायम आहेत.

३. 'ऱ्', 'ळ', मराठी वळणाचे 'ल' व 'श' आणि सर्व जोडाक्षरे तपासल्याशिवाय असा टंक मराठी मजकुरासाठी निवडू नये.

४. व्यक्तीनामे, आडनावे, तिथी, वेळ व स्थळ यांसाठी हा टंक टाळावा. बोलणारी व्यक्ती जेथे स्पष्ट आहे अशा एखाद्या ओळीपुरता तो मर्यादित ठेवणे औचित्यपूर्ण ठरेल.

५. दुसऱ्याच्या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या मनोगतासाठी या टंकाचा वापर करणे दिशाभूल करणारे आहे. तेथे मूळ हस्ताक्षराचे छायाचित्र द्यावे किंवा सरळ छापील टंक वापरावा.

अक्षराचे सौंदर्य ते लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या संबंधातून निर्माण होते. लग्नघरातील पाकिटावर कोणी बॉलपेनने लिहिलेले नाव हा तो संबंध आहे. नाजूक टंकाने त्या नावाला आतल्या पानावर साथ द्यावी. त्याची जागा मात्र घेऊ नये.